लागेल तेवढं घ्या

माझ्या अब्बांना ट्रकचं इंजिन उतरवता येतं, कन्नड आणि तेलुगूत भाव करता येतो आणि मटणाचा रस्सा अम्मीपेक्षा चांगला जमतो. जमत नाही ती एकच गोष्ट, समोरच्या माणसाला नाही म्हणणं. वैरागमध्ये महबूब शेख म्हटलं की लोक हसून विचारतात, कोण, ते हौ-हौ करणारे? चाळीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला आणि चाळीस वर्षांत एकही भाडं परत पाठवलं नाही. ईदच्या दिवशी कांदा घेऊन गुवाहाटीला निघाले. अंगात ताप असताना केमच्या स्टेशनवर खताची पोती उतरवायला गेले. दोन वर्षांपूर्वी मणक्यातल्या दोन चकत्या सरकल्या आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं की चाचा, आता स्टिअरिंगवर बसायचं नाही. अब्बा म्हणाले, "हौ, डॉक्टरसाहेब." चौथ्या दिवशी हुबळीचं भाडं घेऊन निघाले. मी गाडीची किल्ली विहिरीत टाकली तेव्हा कुठे थांबले.

त्यामुळे घरात नाही म्हणायचं खातं माझ्याकडे आहे. मी गुलनाज, वय बत्तीस, बार्शीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, तोंडानं जरा तिखट. माझ्यासाठी आलेल्या पहिल्या चार स्थळांना अब्बांनी होकार देऊन टाकला होता. चौघांनाही, एकाच महिन्यात. ते निस्तरता निस्तरता माझा अख्खा उन्हाळा गेला.

ट्रक विकून आम्ही वैरागच्या बाहेर कांडीचा कारखाना टाकला. तुरीची मळणी होऊन दाणा घरी गेला की रानात वाळकी खोडं, म्हणजे तुराट्या, उरतात. त्यातल्या काही चुलीला लागतात, काही गोठ्याच्या कुडाच्या भिंतीला, आणि बाकीच्या लोक बांधावर पेटवून देतात. आम्ही त्या पेटवायच्या तुराट्या विकत घेतो, बारीक करतो, वाळवतो आणि मशीनमध्ये दाबून बोटाएवढ्या कांड्या पाडतो. कोळशाऐवजी जाळायच्या. दिसायला अगदी जनावरांच्या कांडी पेंडीसारख्या, म्हणून कांडीचा कारखाना. उंबरगेवाडीच्या एका म्हशीनं फसून अर्धं पोतं खाल्लंसुद्धा आणि तिला काही झालं नाही. आमच्या मालाला मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट.

दुसरं, कागदावरचं, मिळायचं बाकी होतं. सोलापूरच्या टॉवेलच्या कारखान्यांचे बॉयलर आमच्या कांड्या घ्यायचे, पण मनाला येईल तेव्हा. अशात दिवाळीच्या सुमारास डेन्मार्कमधून विचारणा आली. तिथल्या एका गावात म्हणे घरोघरी पाणी तापवत नाहीत. गावाबाहेर एक मोठी भट्टी असते आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गरम पाणी सगळ्या घरांत फिरतं. त्या भट्टीला आमच्या कांड्या हव्या होत्या. अट एकच, पण भली मोठी. जंगल तोडलेलं नको, कुणाच्या चुलीतलं ओढून आणलेलं नको, जमिनीच्या तोंडचं काढून घेतलेलं नको, आणि हे सगळं तिसऱ्याच कुणीतरी येऊन, बघून, लिहून द्यायचं.

ते लिहून मिळालं तर करार. नाही मिळालं तर पावसाळ्याच्या आत कारखान्याला कुलूप आणि अब्बा परत ट्रकवर. हा माझा नुसता अंदाज नव्हता. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं त्यांना विचारून ठेवलं होतं, चाचा, कारखाना नाही चालला तर माझी गाडी चालवाल का, आणि त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं ते सांगायला नको. त्या पाठीनं आणखी वर्षभर गाडी मारली तर माणूस अंथरुणाला खिळेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तपासणीला बेंगळुरूहून रुद्राणी मॅडम येणार होत्या, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. त्यांना कारखाना दाखवायचा होता आणि जिथून सगळ्यात जास्त तुराट्या येतात ते उंबरगेवाडी गाव दाखवायचं होतं.

आता माझी चूक सांगते. आदल्या रविवारी मी उंबरगेवाडीत गेले, समाजमंदिरात सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, "बाहेरच्या पाहुण्या येणार आहेत. आपलं सगळं त्यांच्या हातात आहे. त्यांनी काही विचारलं तर घाबरू नका, हो म्हणा." उंबरगेवाडीला हे सांगायची काही गरज नव्हती. त्या गावात पाणी मागितलं तर ताक देतात आणि ताक मागितलं तर म्हैस सोडून देतो म्हणतात.

"तू काळजी करू नगंस, गुलनाज," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे गावातले वडीलधारे, तेरा एकर तुरीचे मालक. "पाव्हण्या नाराज हून जायच्या न्हाईत. ह्यो माजा शब्द."

अडचण एकच होती, बजाबाई. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, चार एकर रान एकटी कसते, लेक केमला दिलेली. तिच्याकडे मी तीनदा तुराट्या मागायला गेले आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आले. कारण सांगत नाही, भाव विचारत नाही, नुसतं न्हाय म्हणते आणि चहा देते. गावात कुणी तिला वरातीत नाचायला ओढलं तरी न्हाय, फोटोसाठी हसा म्हटलं तरी न्हाय. मॅडमसमोर ही बाई तोंड उघडणार आणि माझ्या बापाची पाठ जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"आजी, बुधवारी केमला लेकीकडं जाऊन या की," मी म्हटलं. "गाडीनं सोडते, गाडीनं आणते."

"न्हाय."

"का पण?"

"लेकीनं बोलिवलं न्हाय."

मी तिथून बाहेर पडले आणि लेकीला फोन करून आजीला बोलवायला लावलं. त्यावर बजाबाईनं लेकीलाही सांगितलं, "न्हाय. तूर काढायची हाय." मी हात टेकले. तिचं रान ओढ्याच्या पलीकडे, गावापासून लांब होतं, तेवढाच काय तो दिलासा.

बुधवारी सकाळी सोलापूरच्या स्टेशनवरून मी रुद्राणी मॅडमना घेऊन आले. चाळिशीच्या, पायात बूट, पाठीला सॅक, बोलणं मोजकं. मराठी उत्तम, थोडं कन्नड वळणाचं. "आई अक्कलकोटची," त्या म्हणाल्या, आणि पुढे वैराग येईपर्यंत बाहेरची रानं बघत राहिल्या. कारखान्यात त्यांनी ओलावा मोजला, वजनकाटा पाहिला, तुराट्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून लाकडाचा तुकडा शोधला. सापडला नाही. माझ्या जिवात जीव आला.

"मशीन वर्षातून किती दिवस बंद ठेवता?" त्यांनी अब्बांना विचारलं.

"तुम्ही म्हणाल तितके, मॅडम," अब्बा अदबीनं म्हणाले. मी हसले. मॅडमनी ते लिहून घेतलं.

उंबरगेवाडीत समाजमंदिरासमोर सडा टाकला होता, रांगोळी काढली होती. आप्पांची धाकटी सून पिंकी खण-नारळाचं ताट घेऊन पुढे आली. "मला काही घेता येत नाही, आमच्या ऑफिसचा नियम आहे," मॅडम हसून म्हणाल्या आणि ताटाला नुसता हात लावून नमस्कार केला. पिंकीला कळेना ताट कुठे ठेवावं. त्या दिवशी उंबरगेवाडीत पहिलं नाही म्हटलं ते पाहुणीनं.

मॅडम सतरंजीवर बसल्या, चव्वेचाळीस प्रश्नांचा फॉर्म मांडीवर घेतला आणि विचारलं, "समजा, पुढच्या वर्षी दुप्पट माल मागितला तर द्याल का?"

"दुप्पट?" आप्पांना तो आकडा अपमानासारखा वाटला. "तिप्पट घ्या की. लागंल तेवढं घ्या."

"पण एवढ्या तुराट्या येतील कुठून?"

"तुराट्याच कशाला? बांधाला बाभळी हायेत. देवळामागं लिंब हाय, लई जुना. पाडू की."

मला ठसका लागला. तो काही खोटा नव्हता.

"माझ्यासाठी लिंब पाडाल?"

"तुमी एवढ्या लांबनं आलाव," आप्पा म्हणाले, जणू यात विचारायचं काय आहे.

मग गावाला चेव चढला. दगडाबाई म्हणाली, आमचा कडबा बी न्या. मग जनावरं काय खातील, मॅडमनी विचारलं. "त्येंचं आमी बघू, तुमी नगा काळजी करू." पिंकी म्हणाली, आमच्या गोठ्याचा कूड आत्ताच नवा घातलाय, तो काढून देते. मग चुलीला काय लावाल, मॅडमनी विचारलं, तर सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, गॅस हाय की. त्या गावातली निम्मी सिलिंडरं रिकामी असतात आणि बायका त्यावर दळणाचे डबे ठेवतात, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी खोकले. डोळे मोठे केले. शेवटी खाली वाकून आप्पांच्या चपलेला हळूच ढोसलं. आप्पांनी चप्पल पायातून काढली आणि माझ्याकडे सरकवली. मला ती हवी आहे असं त्यांना वाटलं असावं.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगांची आमटी, वांग्याची भाजी होती. मॅडमनी एका भाकरीनंतर नको म्हटलं तेव्हा दुसरी आली. दुसऱ्या वेळी ताटावर हात आडवा धरला तेव्हा भाकरी हाताच्या खालून सरकवण्यात आली. तिसऱ्यांदा त्या काहीच बोलल्या नाहीत, गुपचूप खाल्ली.

हात धुऊन त्यांनी मला आणि अब्बांना बाजूला घेतलं.

"मी सरळच सांगते," त्या म्हणाल्या. "माझ्या फॉर्मवर एकतिसावा प्रश्न आहे. माल देणाऱ्याला नाही म्हणता येतं का, आणि कारखाना ते ऐकून घेतो का. सकाळपासून इथे मला कुणीही कशालाही नाही म्हटलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही, महबूबभाई. जिथे बास म्हणणारं कुणी नसतं तिथे मागणी वाढली की आधी बांधावरची झाडं जातात आणि मग चुलीचं जळण जातं. मी हे तीन देशांत पाहिलंय. यावर मला सही करता येणार नाही."

"अहो मॅडम, ती नुसती बोलायची पद्धत आहे," मी म्हटलं. "यातलं कुणी काही करणार नाही."

"मला माहीत आहे. सांगितलं ना, आई अक्कलकोटची आहे. पण फॉर्मवर पद्धत लिहायला जागा नसते."

मला राग आला तो स्वतःचा. हो म्हणा असं शिकवून आले होते मी, गावानं तर माझंच ऐकलं होतं.  अब्बांचा हात मागे कमरेवर गेला होता, दुखायला लागलं की जातो तसा.

जीपकडे जाताना मॅडम थांबल्या. ओढ्यापलीकडच्या रानात तुराट्यांचे तीन ढीग नीट बांधून, वेगवेगळे लावलेले दिसत होते.

"ते कुणाचं रान?"

"तितं नगा जाऊ, मॅडम," आप्पा घाईनं म्हणाले. "म्हातारी तऱ्हेवाईक हाय. पाव्हण्यांचा मान ठिवायची न्हाय. कशालाच व्हय म्हनत न्हाय बघा ती."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मॅडम ओढ्यात उतरल्या होत्या. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे पाठ सांभाळत अब्बा आणि सगळ्यांच्या मागे आप्पा, असे आम्ही बजाबाईच्या रानात पोचलो.

बजाबाई पेंढ्या बांधत बसली होती. तिनं वर पाहिलं, तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "पानी प्या. तुराटी मिळायची न्हाय."

"मी न्यायला नाही आले, आजी."

"समदी असंच म्हंत्यात." तिनं माझ्याकडे पाहिलं.

मॅडम पाणी प्याल्या आणि तिच्यासमोर ढेकळावर बसल्या. "हे तीन ढीग कशाचे?"

"ह्यो चुलीला, आखाडापातूर पुरतोय. ह्यो कुडाला. आन ह्यो रानाला. मोडून, कुजवून रानातच घालती. रानाला बी प्वाट हाय."

"पैसे दुप्पट दिले तर?"

"न्हाय."

"तुम्ही दिल्या नाहीत म्हणून कारखाना बंद पडला तर?"

बजाबाईनं अब्बांकडे पाहिलं. मग हातातली पेंढी आवळली. "पडंल तर पडंल. तुराटी न्हाय."

अब्बांनी मान खाली घातली. मला तिचा इतका संताप आला की काही बोलले असते तर त्याचं पुढे वाईट झालं असतं.

"या मुलीनं मागितल्या होत्या का?" मॅडमनी विचारलं.

"तीनदा."

"मग तुम्ही नाही म्हटल्यावर हिनं काय केलं?"

"च्या पिऊन गेली. तोंड वाकडं करून गेली, पर गेली."

"नंतर काही त्रास दिला? रस्ता अडवला, कुणाला पाठवलं, धमकावलं?"

"छ्या. परवा तेवढं मला केमला धाडाय बघत हुती."

धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मोकळं हसल्या. फॉर्म उघडून त्यांनी बरंच काही लिहिलं.

"बाकीचं गाव तर बाभळी आणि लिंब पाडून देतो म्हणालं," लिहिता लिहिता त्या म्हणाल्या.

"कोन, आप्पा?" बजाबाई म्हणाली. "आप्पा सोळा वर्सं मला टॅक्टर दितो म्हनतोय. अजून बैलानंच नांगरती मी. त्यो लिंब त्येच्या आज्यानं बी दोनदा पाडला हुता, तोंडानं. हाय न्हवं अजून हुबा?"

आप्पा ओढ्यातल्या पाण्याकडे फार लक्ष देऊन पाहू लागले.

"पर मला एक सांगा," बजाबाई मॅडमना म्हणाली. "ही तुराटी एवढी लांब, समिंदरापल्याड कशाला न्हेत्यात? त्येंच्याकडं झाडं न्हाईत?"

"आहेत. पण ती तोडायची नाहीत म्हणून. न्यायला जहाजाला तेल लागतं, तेही मोजतो आम्ही. ते धरूनसुद्धा कोळशापेक्षा धूर कमी पडतो."

"म्हंजी त्ये लोक झाडाला कुऱ्हाड लावाय न्हाय म्हनले." बजाबाईनं मान डोलावली. "शानी हायेत."

मग तिचं लक्ष अब्बांकडे गेलं. "म्हबूब, तू हुबा का? बस की."

"बसता येत नाही, मावशी. खाली बसलो की उठवत नाही."

"म्हाईत हाय मला. माजा ऊस तूच न्हेत हुतास. चार टनाच्या गाडीत सात टन घाल म्हटलं तरी घालायचास. मीच सांगितलं हुतं तुला, आरं येड्या, न्हाय म्हन. ऐकलं न्हाईस. तुजी पाठ काय वज्ज्यानं गेली न्हाय. व्हय म्हनून म्हनून गेली."

अब्बांना हे कुणी असं तोंडावर सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मीही इतकी वर्षं ओरडले, किल्ली फेकली, पण हे असं नाही सांगू शकले.  परतताना ओढ्यात मी हात धरायला गेले तर अब्बा म्हणाले, नको, जमतंय.

कारखान्याच्या ऑफिसात मॅडमनी लॅपटॉप उघडला. एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, त्या म्हणाल्या. गावातली बाई नाही म्हणू शकते आणि कारखाना चहा पिऊन परत जातो, हे मला लिहिता येईल. आता उरला शेवटचा प्रश्न. वर्षाला जास्तीत जास्त किती माल?

"खरेदीदारांनी दोन हजार टन मागितलेत," त्या म्हणाल्या. "इथे तुमचा आकडा लागेल. तुम्ही जो सांगाल तो मी लिहीन आणि तो तुम्हाला पाळावा लागेल. आणखी एक सांगते, लपवून ठेवत नाही. आकडा कमी पडला तर ते दुसरीकडे जाऊ शकतात."

आकडा मला पाठ होता. अकरा गावं मी स्वतः फिरले होते, कुणाच्या चुलीला किती लागतं, कुडाला किती, रानात किती राहायला हवं, सगळं विचारलं होतं. लोकांनी सांगितलेलं निम्मं सोडून डोळ्यांनी पाहिलेलं धरलं होतं. बाराशे टन. अब्बांनाही हिशेब दाखवला होता. त्याच्या वर एक टन आणायचा तरी कुणाच्या तरी दारातून आणावा लागणार होता.

आणि हे सगळं माहीत असून मी तोंड उघडलं ते दोन हजार म्हणायला. खरं सांगते. मी, जी घरातलं नाही म्हणायचं खातं सांभाळते, जिनं चार स्थळं मोडली. मला डोळ्यांसमोर फक्त स्टिअरिंग दिसत होतं आणि त्यावर वाकलेली ती पाठ. दोन हजार लिहा, पुढचं पुढे बघू, असं म्हणणार इतक्यात माझ्या बाजूनं आवाज आला.

"नाही."

आवाज इतका बारीक होता की मला आधी वाटलं बाहेर कुणी बोललं. मॅडमनी मान वर केली.

"नाही, मॅडम," अब्बा म्हणाले. ते उभेच होते, एक हात टेबलाच्या कडेला. "बाराशे. त्याच्या वर एक गाडी नाही."

"तुम्हाला कळतंय ना, काय होऊ शकतं ते?"

"हौ. कळतंय." ते म्हणाले. "पण त्याच्या वर घ्यायचं तर माणसाच्या चुलीतलं ओढावं लागेल. मी सात टन भरून गाडी चालवलीय. गाडी चालते, मॅडम. मोडतं ते नंतर मोडतं. बाराशे लिहा."

मॅडमनी बाराशे लिहिलं. अब्बांच्या कपाळावर घाम फुटला होता. त्यांनी मॅडमसाठी ठेवलेला पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. मॅडम गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहान मुलानं काचेचं काही फोडल्यावर पाहावं तसं. "चूक झाली का गं, बेटा?" मला अभिमानही वाटत होता आणि भीतीही, आणि दोन्हीतलं कुठलं मोठं ते ठरत नव्हतं.

पुढचे नऊ दिवस काही कळलं नाही. त्या नऊ दिवसांत अब्बांनी किमान पंधरा वेळा मॅडमना फोन लावायला घेतला, बाराशेच्या जागी दोन हजार करा म्हणून. पंधराही वेळा मध्येच ठेवला. सहाव्या दिवशी त्यांनी फोनच अम्मीच्या हवाली केला आणि सांगितलं, मी मागितला तरी देऊ नकोस. अम्मीला भलताच अधिकार मिळाल्यासारखं झालं. ती त्यांना वेळ विचारला तरी नाही म्हणू लागली.

दहाव्या दिवशी दुपारी मेल आला. सर्टिफिकेट होतं, खाली बारीक अक्षरात एक अट. गावातला लिंब आणि बांधावरच्या बाभळी यांना कारखान्यानं कधीही हात लावायचा नाही, कुणी स्वतःहून देऊ केल्या तरीही. मॅडमनी आप्पांचा बंदोबस्त करून ठेवला होता. त्याखाली डेन्मार्कचा मेल. चार ओळींचा. बाराशे टन मान्य, दर वर्षी तेवढेच, पहिला कंटेनर मार्चमध्ये.

मी धावत मशीनकडे गेले. अब्बा पट्ट्याला तेल देत होते. माझं तोंड बघूनच त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला.

"क्या बोले?"

"हौ बोले, अब्बा. बाराशे कू हौ बोले."

ते कांड्यांच्या पोत्यावर टेकले. पंचानं हात पुसले, मग तोंड पुसलं, मग परत हात पुसले. मशीन बंद केलं नव्हतं, त्याच्या घरघरीत त्यांचं बोलणं मला वाकून ऐकावं लागलं.

"मैं नै बोल्या," ते सावकाश म्हणाले, "और उनो हौ बोले?"

"हौ."

"नै बोले तो भी हौ बोलते लोगां?"

मी मान डोलावली. ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "चालीस साल में किसी ने मेरे कू बताया नै के ऐसा भी होता."

मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि रडले. आनंदानं, आणि थोडं त्या चाळीस वर्षांसाठी.